सासूबाई उतरणार नाहीत

दर रविवारी साडेअकराच्या सुमारास प्रोफेसर वेन्सेस्लाओ किस्बेर्त यांच्या सासूबाई भर रस्त्यात गाडीतून उतरत. भांडण वगैरे नसे. चढ असे.

ला पास शहरात चढाची तक्रार करणं म्हणजे माशाने पाण्याची तक्रार करण्यासारखं आहे. पण किस्बेर्त यांच्या घराकडे जाणारी गल्ली दोन्या कासिमिरा, म्हणजे कासिमिराबाईच्या, पावाच्या टपरीपाशी जी वळते, ती वळल्यावर जवळजवळ भिंतच होते. शंभर मीटरला चोवीस मीटर चढ. हा आकडा त्यांनी स्वतः शाळेच्या प्रयोगशाळेतला कोनमापक आणि ओळंबा आणून मोजलेला होता. मोजत असताना जमीन कुणीतरी विकत घेतंय अशी अफवा उठली होती, ती दोन आठवडे टिकली.

त्यांची जुनी गाडी तेराशे सीसीची, एकोणीस वर्षांची. सासूबाई, म्हणजे दोन्या एदुविजेस, तिला गाढवीण म्हणत. रविवारच्या जेवणासाठी किस्बेर्त त्यांना खालच्या वस्तीतून, फुटबॉलच्या मैदानाजवळच्या घरातून आणायला जात. मागच्या सीटवर सासूबाई आणि मेव्हणा फ्रोइलान, पुढे बायको सुलेमा. टपरीपाशी गाडी धापा टाकून थांबे. फ्रोइलान उडी मारून मागच्या चाकाला दगड लावी. मग तिघं उतरत आणि किस्बेर्त एकटेच गाडी घेऊन वर जात. दोन्या कासिमिरा सासूबाईंसाठी स्टूल बाहेर काढी आणि दर वेळी तोच प्रश्न विचारी.

"आजही उतरवलं का हो?"

"उतरवलं," सासूबाई पदर सोडवल्यासारखी शाल सोडवत म्हणत. मग वळून, "तुम्ही व्हा पुढे, प्रोफेसर. आम्ही येतो."

इथे शाळेच्या शिक्षकालाही प्रोफेसर म्हणतात; पण लग्नाला बावीस वर्षं झाली तरी त्या जावयाला प्रोफेसरच म्हणत. या शब्दात आदर किती आणि टोमणा किती हे मोजायचं उपकरण शाळेच्या प्रयोगशाळेत नव्हतं.

त्यात वरून केबलकारचे पिवळे डबे जात. डब्यात बसलेल्या माणसांना दुसरं काही काम नसतं, ती खाली बघतात. आपल्या सासूला आपण रस्त्यात उतरवतो हे निम्म्या शहराने वरून पाहिलेलं आहे, अशी किस्बेर्त यांची पक्की समजूत होती. शाळेत एकदा दहावीच्या एका मुलीने "सर, रविवारी तुम्हीच होतात ना?" एवढंच विचारलं आणि त्यांनी तिला त्या तासाला फळ्यावर तीन गणितं सोडवायला लावली.

म्हणून त्यांनी टर्बो घ्यायचं ठरवलं.

निर्णय घरात जेवणाच्या टेबलावर जाहीर झाला. किस्बेर्त यांनी रुमालावर आकृती काढली. "हे बघा. आपण समुद्रापासून तीन हजार आठशे मीटर वर. इथल्या हवेत खालच्या हवेच्या मानाने जेमतेम पासष्ट टक्के माल. साधं इंजिन जी हवा मिळेल ती ओढतं. म्हणजे कागदावर पंचाहत्तर घोडे असले तर इथे त्यातले पंचवीस-सव्वीस घोडे तबेल्यातून बाहेरच येत नाहीत."

"आपल्या गाढविणीत घोडे होते?" सासूबाईंनी विचारलं.

"टर्बोचं तसं नाही," किस्बेर्त म्हणाले. "जो धूर बाहेर जातो त्याच्या जोरावर एक चक्री फिरते. ती बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा विरळ असली तर चक्री अजून जोरात फिरते. थोडी घट होते, नाही असं नाही. पण उंचीचा हिशोब बराचसा चुकता." मग त्यांनी चमचा खाली ठेवला आणि सासूबाईंकडे बघून, जे वाक्य ते पंधरा दिवस मनात घोळवत होते, ते म्हणून टाकलं. "यापुढे तुम्हाला माझ्या गाडीतून वाटेत उतरावं लागणार नाही. शब्द देतो."

सासूबाईंनी सूपमधला बटाटा दोन तुकडे करून खाल्ला. "बरं," त्या म्हणाल्या.

गाडी आली. एक लिटरचं छोटं इंजिन, पण मागे बारीक अक्षरांत टर्बो लिहिलेलं. शनिवारी संध्याकाळी किस्बेर्त यांनी चाकाला लावायचा तो जुना दगड टपरीपाशी आणला, "तुझं काम संपलं" असं त्याला उद्देशून म्हणाले आणि नाल्यात टाकून दिला. दोन्या कासिमिरा पाव मोजत होती. तिने मान वर केली, पुन्हा खाली घातली.

पण नवी गाडी चाल्या केल्याशिवाय चढावर न्यायची नाही, यावर सुलेमा आणि तिच्या माहेरचं एकमत होतं. चाल्या म्हणजे नवी वस्तू आली की आधी पाचामामाचा, म्हणजे धरणीमातेचा, वाटा तिला द्यायचा: बियर शिंपडायची, फुलं वाहायची, रंगीत कागदाच्या टिकल्या उधळायच्या. आणि गाडी असेल तर तिला एक पाद्रिनो लागतो, बारशाला धर्मपिता लागतो तसा. किस्बेर्त भौतिकशास्त्राचे शिक्षक असल्यामुळे त्यांचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. नवरा असल्यामुळे विरोधही नव्हता. पाद्रिनो अर्थातच फ्रोइलान.

रविवारी फुटबॉलच्या मैदानाजवळच्या सपाटीवर चाल्या झाली. फ्रोइलान कोट घालून आला होता आणि सोबत बियरचा क्रेट आणि टिकल्यांच्या दोन पिशव्या होत्या. त्याने चाकांवर बियर ओतली, छतावर फुलं ठेवली आणि मग म्हणाला, "भाऊजी, झाकण उघडा. आणि इंजिन चालू करा."

"इंजिन कशाला?"

"गाडी श्वास घेत असताना आशीर्वाद मिळाला पाहिजे. झोपलेल्या माणसाला कुणी आशीर्वाद देतं का?"

यात शास्त्रीय चूक नेमकी कुठे आहे ते किस्बेर्त यांना पटकन सापडेना. त्यांनी इंजिन चालू केलं. फ्रोइलानने झाकणाखाली बियरची अर्धी बाटली प्रेमाने शिंपडली आणि मग दोन्ही पिशव्यांतल्या टिकल्या मूठमूठ करून, "जोर येऊ दे, जोर येऊ दे" म्हणत इंजिनाच्या पुढच्या भागावर उधळल्या. सासूबाईंनी झेंडूचं एक फूल टाकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

साडेअकराला गाडी टपरीपाशी पोचली.

किस्बेर्त यांनी पहिला गिअर टाकला, पाय दाबला आणि बराच वेळ काहीच झालं नाही. मग इंजिनाने एक लांब, दुःखी हुंकार दिला. गाडी तीन मीटर वर गेली, तिथे विचार करत उभी राहिली, आणि एक मीटर मागे आली.

"चक्री फिरायला लागेल," किस्बेर्त म्हणाले.

चक्री फिरली नसावी. गाडी अजून एक मीटर मागे आली. सुलेमाने हँडब्रेक ओढला. फ्रोइलान उडी मारून मागे धावला.

"दगड! भाऊजी, दगड कुठाय?"

"दगड काल नाल्यात टाकला प्रोफेंनी," टपरीवरून दोन्या कासिमिरा शांतपणे म्हणाली.

फ्रोइलानने बियरचा रिकामा क्रेट चाकाखाली सरकवला. क्रेट मोडला, पण मोडता मोडता गाडी थांबवून गेला. सासूबाईंनी दार उघडलं, शाल सावरली आणि जुन्या सवयीने उतरल्या. स्टूल आधीच बाहेर आलेलं होतं.

"आजही?"

"आजही. पण ही दिसायला छान आहे हो." मग जावयाकडे वळून, "तुम्ही व्हा पुढे, प्रोफेसर."

डोक्यावरून एक पिवळा डबा गेला. त्यातल्या कुणीतरी मोबाईल काढला होता, असं किस्बेर्त यांनी नंतर सुलेमाला तीन वेळा सांगितलं.

गाडी टपरीपाशीच राहिली, आणि रात्रीपर्यंत गल्लीचं निदान तयार होतं. गाडीला सोरोचे झालाय. डोंगरावर नव्याने येणाऱ्याला जे होतं तेच: डोकं जड, छातीत दम नाही, चार पावलं चाललं की बसायला जागा शोधायची.

"गाडी आली कुठून?" दोन्या कासिमिराने विचारलं.

"बंदरातून. जहाजाने."

"मग! समुद्रावरून आलेली पोर ती. आल्या आल्या तिला चढावर घातली तर काय होणार? तुमच्या चुलतभावाची बायको इथे आली तेव्हा आठवतं ना, तीन दिवस बादलीत ओकत होती."

"दोन्या कासिमिरा, गाडी हे यंत्र आहे. तिला रक्त नसतं."

"तेल असतं ना?" ती म्हणाली, आणि वाद तिच्यापुरता संपला.

नवख्या पाहुण्याला इथे जो सल्ला देतात तोच गाडीला लागू झाला: सावकाश चाल, थोडं खा, एकटं झोप. सावकाश चालण्याचा प्रश्न नव्हता, ती चालतच नव्हती. थोडं खाण्यासाठी टाकीत अर्ध्याहून जास्त पेट्रोल भरायचं नाही असं ठरलं. एकटं झोपण्यासाठी शेजाऱ्याने स्वतःची व्हॅन तिच्या बाजूने हलवून पलीकडे लावली, त्याबद्दल त्याचे आभार मानावे लागले. दोन्या कासिमिराने सोरोचेवर इथे चघळतात त्या कोकाच्या पानांची पुरचुंडी आणून स्टिअरिंगपुढे ठेवली. किस्बेर्त यांनी ती काढली. सकाळी ती पुन्हा तिथेच होती, आणि शेजारी थोडी जास्त पानं.

सोमवारी शाळेत परीक्षाच होती. मुलांची नव्हे. गेल्याच आठवड्यात त्यांनी दहावीला वायुदाब शिकवताना टर्बोचं उदाहरण दिलं होतं, आणि उत्साहाच्या भरात "येत्या रविवारी प्रत्यक्ष प्रयोग" असंही म्हणून बसले होते. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"सर, प्रयोगाचा निष्कर्ष काय आला?"

"प्रयोग चालू आहे," किस्बेर्त म्हणाले.

गुरुवारी ते गाडी घेऊन खालच्या बाजूच्या दुकानात गेले, जिथून ती घेतली होती. खाली जाताना गाडी छान चालली. खाली जाताना ला पासमध्ये सगळ्याच गाड्या छान चालतात. काउंटरवरचा माणूस अत्यंत सभ्य होता.

"उंचीमुळे होणारी शक्तीची घट हमीत बसत नाही, सर."

"पण टर्बो उंचीची घट होऊ नये म्हणूनच घेतला ना मी?"

"बरोबर."

"आणि घट तर झाली."

"मग ती उंचीमुळे नसणार," तो विचार करून म्हणाला. "उंचीमुळे नसेल तर हमीत बसते. पण मग ती उंचीमुळे नाही हे ठरवायला गाडी किती उंचीवर असते त्याचा दाखला लागेल. शिक्क्याचा."

किस्बेर्त हा माणूस नियम पाळणारा होता. ते दाखला आणायला गेले. उंचीचे दाखले देणारं कार्यालय आहे, हेच मुळात त्यांना कौतुकाचं वाटलं. तिथल्या बाईंनी अर्ज तीनदा वाचला.

"उंची दाराची हवी की गच्चीची?"

"गाडीची."

"गाडी हलते. हलत्या वस्तूच्या उंचीचा दाखला देता येत नाही."

"बाई, ती हलत नाही म्हणूनच तर आलोय."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. तसा रकाना फॉर्मवर नव्हता. शेवटी गल्लीच्या तोंडाच्या उंचीचा दाखला मिळाला, कारण गल्ली हलत नाही. तो घेऊन किस्बेर्त परत आले तेव्हा दुकानातल्या तंत्रज्ञाने हातमोजे घालून गाडीला संगणक जोडलेला होता. पडद्यावर दोनच शब्द होते. तंत्रज्ञाने ते वाचून दाखवले.

"हवा अपुरी."

किस्बेर्त यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने किस्बेर्त यांच्याकडे पाहिलं. काउंटरवरचा माणूसही आला आणि त्यानेही वाचलं.

"हे आपल्याला माहीतच आहे," तो म्हणाला. "ला पासमध्ये हवा अपुरीच असते. म्हणजे उंचीमुळेच. म्हणजे हमीत बसत नाही." आणि त्याने दाखल्यावर शिक्का मारून तो फाईलला लावला, कारण दाखला उत्तम होता.

शुक्रवारी दुपारी किस्बेर्त जुन्या मेकॅनिककडे, माएस्त्रो तिबुर्सियोकडे गेले. एकोणीस वर्षं गाढविणीला याच माणसाने जिवंत ठेवलं होतं. नव्या गाडीसाठी त्याच्याकडे जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, हे दोघांनाही माहीत होतं, आणि दोघांनीही त्याचा उल्लेख केला नाही. तिबुर्सियोने हात पुसले, किस्बेर्त यांचं सगळं म्हणणं ऐकलं, दुकानातला प्रसंगसुद्धा.

"संगणक काय म्हणाला?"

"हवा अपुरी."

"आणि मग?"

"मग काय. आपल्याकडे ती अपुरीच असते."

तिबुर्सियोने झाकण उघडलं. "संगणक बिचारा खरं बोलला, प्रोफे. त्याचं कुणी ऐकलं नाही." त्याने हवा गाळायच्या डब्याचे चार चाप काढले आणि झाकण उचललं.

आत केक होता. निदान दिसायला तरी केकच. बियरमध्ये भिजून, इंजिनाच्या उष्णतेने वाळून, गुलाबी, हिरव्या आणि पिवळ्या कागदी टिकल्यांचा बोटभर जाड थर हवेच्या जाळीवर घट्ट बसला होता. मधोमध झेंडूची एक पाकळी, प्रदर्शनात ठेवावी तशी.

तिबुर्सियोने नखाने थर टोकरून पाहिला.

"इंजिन चालू होतं का तेव्हा?" तिबुर्सियोने विचारलं.

"गाडी श्वास घेत असताना आशीर्वाद हवा होता."

"घेतला तिने. सगळा घेतला." तिबुर्सियोने तो थर अलगद सोलून काढला. "त्यात टर्बो म्हणजे साध्याच्या दीडपट अधाशी. नाकाला कापूस कोंबून कुणाला डोंगर चढायला लावा, मग कळेल. पाद्रिनो कोण होता?"

"मेव्हणा."

"बायकोचा भाऊ." तिबुर्सियोने दार थोडं लोटून घेतलं. "मग हे आपण दोघांनीच पाहिलं."

केक वर्तमानपत्रात गुंडाळून किस्बेर्त यांनी पिशवीत ठेवला. आज तो प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, बरणीत, 'नमुना क्र. १' या चिठ्ठीसह, आणि मुलं विचारतात तेव्हा तो एक प्रकारचा गाळाचा खडक असतो.

निघताना तिबुर्सियोने खिडकीवर हात ठेवला. "आता ही पळेल. पण एक सांगतो, त्या टपरीपाशी थांबू नका. धूर आला की चक्री फिरते, चक्री फिरली की हवा येते. पळताना हिला दम आहे. उभ्याने नाही. तिथे उभी राहिली की ही नुसती एक लिटरची पोरगी, आणि तीसुद्धा अर्धपोटी. चार माणसं घेऊन चढावर सुरुवात करणं तिला जमायचं नाही. खालून जो जोर धराल तो दारापर्यंत सोडू नका."

शनिवारी किस्बेर्त यांनी एकट्याने गाडी नेऊन पाहिली. गाडी टपरीवरून शीळ घालत गेली. पाव विकत असलेली दोन्या कासिमिरा हात वर करून ओरडली, "पाहिलंत? तीन दिवस विश्रांती, आणि पानं!"

किस्बेर्त यांनी खिडकी खाली केली. तोंड उघडलं. पाचामामा, फ्रोइलानचा कोट, बायकोचं माहेर आणि बावीस वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. "हो," ते म्हणाले. "पानांनी फरक पडला." एवढा भक्कम पुरावा पिशवीत असताना इतक्या हळू आवाजात हार पत्करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

आणि रविवार उजाडला.

सासूबाईंनी आज चांगली शाल घेतली होती. फ्रोइलान गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "माझी धर्मकन्या बरी झाली म्हणायची." सुलेमा पुढे बसली आणि तिने हात मुद्दाम हँडब्रेकपासून लांब ठेवला. किस्बेर्त यांनी मैदानापासूनच जोर धरला. दुसरा गिअर, इंजिनाची बारीक शीळ, चक्री फिरतेय हे त्यांना पायाच्या तळव्यात कळत होतं. गल्लीचं तोंड आलं. समोर टपरी दिसू लागली. वरून पिवळा डबा येत होता, अगदी वेळेवर, आणि या वेळी तरी त्यातल्या माणसांनी खाली बघावं असं किस्बेर्त यांना मनापासून वाटलं.

टपरीला दहा मीटर उरले असताना त्यांच्या खांद्यावर बोटाने टकटक झाली.

"प्रोफेसर. जरा थांबवा."

"आई, आता नको!" सुलेमा म्हणाली. "वर जाऊन थांबू."

"वर काय आहे? वर तुमचं घर आहे. कासिमिराच्या सुनेला परवा मुलगी झालीय. गेल्या रविवारी तुमच्या त्या क्रेटच्या गडबडीत धड बोलणंही झालं नाही." बोट पुन्हा खांद्यावर टेकलं, जरा हळू. "एकोणीस वर्षं दर रविवारी मी इथे बसते. तुम्ही एकदम म्हणालात, उतरायचं नाही. मी बरं म्हटलं. तुमचं मन मोडायला नको म्हणून."

टपरीपाशी स्टूल बाहेर आलेलं दिसत होतं.

किस्बेर्त यांना तिबुर्सियोचं वाक्य शब्दन्शब्द आठवत होतं. पाय दाबून ठेवला तर दोन सेकंदांत गाडी स्टुलावरून, टपरीवरून, बावीस वर्षांवरून शीळ घालत निघून गेली असती. डबा बरोबर डोक्यावर आला होता.

त्यांनी पाय उचलला. शीळ विझली. गाडी थांबली.

सासूबाई उतरल्या, स्टुलावर बसल्या, आणि दोन्या कासिमिराने पाव बाजूला सारून हात पुसले. "आजही उतरवलं?"

"नाही गं. आज मी सांगून उतरले."

किस्बेर्त यांनी पहिला गिअर टाकला. इंजिनाने लांब, दुःखी हुंकार दिला. गाडी अर्धा मीटर मागे आली.

"सोरोचे उलटला!" फ्रोइलान ओरडला आणि सवयीने उडी मारून मागे धावला. सुलेमाही निमूट उतरली. तेवढ्यात दोन्या कासिमिराने टेबलाखाली हात घातला आणि दगड बाहेर काढला. धुतलेला होता.

"गेल्या रविवारीच नाल्यातून आणला," ती म्हणाली. "लागेल म्हटलं."

दगड चाकाला लागला. गाडीत आता किस्बेर्त एकटे होते, आणि एकट्याला घेऊन सुरुवात करण्याइतका दम पोरीत होता. त्यांनी आरशात पाहिलं. सासूबाईंच्या हातात पाव होता आणि दोन्या कासिमिरा सुनेच्या बाळाचं वजन हातांनी दाखवत होती.

सासूबाईंनी मान वळवली.

"व्हा पुढे, वेन्से," त्या म्हणाल्या. "आम्ही येतो."

किस्बेर्त चढ पूर्ण होईपर्यंत गाडी चालवत राहिले. दारापाशी पोचल्यावर त्यांना आठवलं की ब्रेक सोडताना 'हो, आई' म्हणायचं राहून गेलं. जेवताना म्हणू, असं त्यांनी ठरवलं, आणि पानांची पुरचुंडी स्टिअरिंगपुढे नीट सरळ करून ठेवली.